अमर म्हणता, मंग कुंकू काऊन नाई

माहेर माह्यं सिंदेवाहीकडचं, धानाच्या गावातलं. चौथी शिकली आन् रोवण्याले लागली. लग्न होऊन इथी आली तरी चार लोकांत तोंड उघडत नव्हती मी. सासू म्हणे, हिले देवानं जीभ देली का नाई? एकच पोरगा, दिनेश. फौजेत गेला, तिकडं बरफाच्या पहाडात ड्युटीवर होता, तिथूनच पेटीत आला. त्याची बायको, माही सून संगीता, तवा सव्वीसची.

आता काय सांगू तुम्हाले. यंदा पंधरा ऑगस्टले गावानं आमचा सत्कार ठेवला. वीरमाता, वीरपत्नी, असं भोंग्यावर पुकारून राह्यले, दिनेश अमर रहे म्हणून पोरं गळा फाडून राह्यले. माहे मालक जिते आहेत, म्हणून सरपंचबाईनं मले हळदकुंकू लावलं, तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस घालून ओटी भरली. बाजूले संगीता. माह्याकडं पाहून तिनंही पदर पसरला. त बाईचा हात करंड्यातच थांबला. शाल तिच्या खांद्यावर टाकली आन् सरकली पुढं. पोरगी तशीच उभी, पदर पसरून, अख्ख्या गावासमोर. मागून एक जणी फिसकन हासली, अवो, हिले कोणी सांगतलं नाई का?

माह्या अंगाचा नुसता भडका झाला. मी माही सारी ओटी तिच्या पदरात ओतली, करंड्यातलं कुंकू घेतलं आन् तिच्या कपाळी लावलं. सरपंचबाई कानाशी येऊन म्हणे, काकू, असं नाई करत, चांगल्या दिवशी अपशकुन होते. मी म्हटलं, काऊन वो बाई, तुमच्यासाठी मेला त पोरगा अमर, आन् त्याचीच बायको अपशकुनी? एक काहीतरी खरं बोला. अमर असन त कुंकू लावा, मेला असन त भोंगा बंद करा.

माहा आवाज तो केवढा, पुढच्या दोन ओळींनीच ऐकला. भोंगा चालूच होता. संगीतानंच मले धरून स्टेजावरून खाली उतरवलं.

आता लोक म्हणतात, म्हातारी बिघडली. म्हणू द्या. संगीता रोज टिकली लावून अंगणवाडीत जाते, बाया वळून वळून पाह्यतात, त ती मान खाली घालत नाई. तिकडं थंडीत जे लेकरं उभे आहेत, ते सुखानं घरी येवोत. आन् जे नाई आले, त्यांच्या बायका समोरून आल्या त कोणी रस्ता बदलवू नये बाप्पा, बस, एवढंच.