कडी अडकलेली नाही

नाही नाही, ती पटाशी खाली ठेवा, सुतारदादा. आणि बिजागरीला तर हातच लावू नका — दार चांगलं आहे. कडीही चांगली आहे. अडकलेली-बिडकलेली काही नाही, मीच लावलीये आतून. हळू बोला ना — म्हणजे तुम्ही बोलतच नाही आहात, ते बरंय, मीच हळू बोलते. हे आहेत का तिथे? आमचे हे, ज्यांनी तुम्हाला फोन करून बोलावलं ते. नाहीत? पुढच्या खोलीत? बरं. मग एक करा, मधूनमधून दारावर हातोडी मारत राहा. जोरात नको, काम चाललंय असं वाटण्यापुरती. हां, अशी. पैसे तुम्हाला पूर्ण मिळतील, शिवाय माझं दार जागच्या जागी राहील.

आत काय करतेय म्हणजे? वाचतेय. हसताय काय — बाईमाणसाने बाथरूममध्ये बसून वाचू नये असं कुठे आहे? बादली उलटी घातली, तिच्यावर टॉवेलाची घडी, छान बैठक होते. पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घातलंय, शॉवर गळतो म्हणून. एरवी पुस्तक असतं मळक्या कपड्यांच्या टोपलीत, तळाशी. त्या टोपलीत कपडे टाकायला या घरातले सगळे येतात, काढायला फक्त मी. इतकी सुरक्षित जागा बँकेतसुद्धा मिळायची नाही.

अद्भुत कादंबरी आहे — फॅन्टसी म्हणतात ना, ती. सात खंड. त्यात एक बाई असते, ती डोंगर वळते. आपल्याकडे गुरं वळतात ना, तसे डोंगर. सकाळी सोडायचे, संध्याकाळी हाकत परत आणायचे. तर एका संध्याकाळी एक डोंगर कमी भरतो आणि ती निघते शोधायला. बस, निघते. गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का, कुणी विचारत नाही. चार खंड वाचून झाले माझे, पण 'कधी येणार' असा तिला कुणाचा निरोप नाही. एवढाली सैन्यं इकडून तिकडे जातात, पण भांडी घासताना कुणी दिसत नाही. एका राजाला शाप आहे, कमरेपर्यंत दगड झालाय तो — पण मोजा सापडत नाही म्हणून राणीला हाक मारत नाही. याला म्हणतात कल्पनाशक्ती, दादा. ड्रॅगन काय, कोणीही उडवेल.

मी? मी लेखिका आहे. दर रविवारी पेपरात माझं सदर येतं, वाचनाला वेळ कसा काढावा, त्याच्यावर. तुमच्या घरी येतो का तो पेपर? बायको वाचते? बघा, मग तिला ठाऊक असेल — दूध तापेपर्यंत दोन पानं, रांगेत उभं असताना तीन, केस वाळेपर्यंत अख्खं प्रकरण. जमतं का तिला? नाही ना. मलाही नाही जमत. दूध उतू जातं. मी एकदा करून पाहिलं, तर शेगडी घासण्यात सगळी दुपार गेली. मग त्या दुपारवर पुढच्या रविवारचा लेख लिहिला, लोकांना फार आवडला तो. व्याख्यानंही देते मी याच विषयावर — आणि त्या व्याख्यानांच्या धावपळीत वाचायचं राहूनच जातं. शेवटी हा कडीचा उपाय सापडला. आता हा काही छापता येत नाही. घरोघरच्या बायका कड्या लावून बसतील आणि तुम्हाला पाणी प्यायला उसंत मिळणार नाही. ठोका जरा, थांबलात तुम्ही.

आणि हे वाचन म्हणजे चैन समजू नका हं. कामाचं वाचन आहे. माझी कादंबरी येतेय ना — अशीच, अद्भुत. आज दुपारी प्रकाशक यायचेत न्यायला. त्यांना मी केव्हापासून सांगतेय, झाली, झालीच आहे, शेवटचा हात फिरवायचाय. आता हात फिरवायला खाली काहीतरी लागतं, ते — पहिलं प्रकरण आहे. म्हणजे पहिलं पान. छान उतरलंय, एक खिडकी आहे त्यात. पण तुम्हीच सांगा, या घरात पुढचं लिहायचं कधी? सासूबाईंच्या गोळ्या, धाकटीचं गणित, मोठ्याचा डबा, ह्यांचा चष्मा — चष्मा ह्यांच्या कपाळावर असतो, शोधायला मात्र मी. लिहायला बसले रे बसले की हाक येतेच. येते म्हणजे — नाही येत कधीकधी. मग मीच उठून विचारून येते, कुणी हाक मारली का म्हणून. असो. काय सांगत होते मी?

हां, प्रकाशक. ते येतील आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघतील — बाई बाथरूममध्ये अडकलेल्या, दाराशी सुतार, घरात हलकल्लोळ. अशा घरात कादंबरी कशी लिहून व्हायची, हे त्यांचं त्यांनाच कळेल, मला तोंड उघडावं लागणार नाही. मुदत वाढवून देतील बिचारे. भला माणूस आहे, आजवर दरवेळी दिलीये. म्हणून म्हणते, ते येईपर्यंत हे दार अडकलेलं राहू द्या. जा, ह्यांना सांगून या — कडी गंजलीये, फार हट्टी आहे, अजून वेळ लागेल. आणि चेहरा गंभीर ठेवा.

आलात? काय म्हणाले? चिडचिड चालली असेल. 'सावकाश चालू द्या'? असं म्हणाले? अहो, पण जेवायचं काय त्यांच्या — जेवले? कोणी केलं? ह्यांनी? ह्यांना डबे कुठे असतात तेसुद्धा माहीत नाही. सापडले वाटतं. आणि सासूबाईंच्या गोळ्या? जेवणाआधीची पिवळी वेगळी असते. तीही दिली? धाकटीला माहीत होतं होय. हो, ती बघत असते सगळं. चांगलं आहे. चांगलंच आहे की, मी कुठे काय म्हणतेय.

बॅगा? कसल्या बॅगा? हातोडी ठेवा हो खाली, नीट सांगा. सगळेजण नणंदेकडे — आठ दिवस? सासूबाईंनाही घेऊन? पोरांना सुट्टी आहे, ते खरं, पण मला न विचारता — मला शांतपणे लिहिता यावं म्हणून? मागच्या रविवारचं माझं सदर वाचून ठरवलं? 'बाईला आठ दिवस एकटीला द्या, मग बघा' — हो, लिहिलं होतं मी तसं. पण हे वाचतात? कधी वाचतात? आणि प्रकाशकांना फोन? 'आज नको, आठ दिवसांनी या आणि कादंबरी घेऊनच जा.' हे ह्यांनी सांगितलं. स्वतः होऊन. थांबा. उघडते मी.

गेलेसुद्धा, मला तुमच्या भरवशावर सोडून. बघा, ओटा पुसलाय. माझं टेबल आवरलंय, त्याच्यावरची इस्त्रीची चळत हलवलीये — तिच्याखाली टेबल एवढं मोठं होतं होय. कागद ठेवलेत. पेनात शाई भरून ठेवलीये हो ह्यांनी. इतका चांगला माणूस, आणि बघा काय करून बसला.

पुस्तक? असू द्या तिथेच. आता कसली वाचतेय मी, चोरून वाचायला कुणी तरी घरात लागतं.

हत्यारं आवरताय? थांबा ना जरा. या दाराचा आवाज येतोय बघा, हललं की. नाही येत? मग स्वयंपाकघरातला खण अडकतो, तो बघा. चांगला सरकतोय. शॉवर तर गळतोच — ते तुमचं काम नाही, बरोबर. बसा तरी दोन मिनिटं. मला भीती वाटतेय, दादा, खरंच सांगते. आठ दिवस मला कुणीही हाक मारणार नाहीये. आणि त्या पानावर ती एक खिडकी आहे फक्त, तिच्यातून काय दिसतं ते मला अजून ठाऊक नाही.

पुढचं काम आहे? असेल. जा मग. जाताना दार ओढून घ्या. नको — उघडंच राहू द्या, कोणीतरी येईल.