वयनीची होडी

हे सांगायचं मी आजवर टाळलं. घरात विषय निघाला की उठून ओटीवर जायचो. आता बसलोच आहे तर घ्या लिहून.

आमचं गाव वाशीच्या खाडीला लागून. वडील भात पिकवायचे, पुढं जमिनी नव्या शहराला गेल्या आणि मी कारखान्यात लागलो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पाणथळीत पक्षी यायचे म्हणून ती जागा राखलेली, पण वेड्या बाभळीनं सगळा काठ धरला होता. बाहेरून आलेलं झाड ते, एकदा शिरलं की दुसऱ्या कशाला जगू देत नाही. म्हणून आम्ही गावातले दर रविवारी कोयते घेऊन जायचो, फुकट, हौसेनं, आणि पुढारी मीच. बायको माझ्या हातातले काटे काढता काढता म्हणायची, पाखरं पगार देतात का तुमाला?

शिमगा आला, तोडलेली बाभूळ होळीला द्यायचं ठरलं. त्या दिवशी शेवटच्या जाळीत एक होडी निघाली. माझ्या चुलतभावाची. तो वारला होता, आणि त्याच्या बायकोनं, जानकीवयनीनं, ती ओढून ठेवली होती, डागडुजी करून खेकड्यांना जाईन म्हणायची. फांद्या फळ्यांतून आरपार गेलेल्या, सोडवायची तर दिवस मोडला असता, आणि काय सांगू तुम्हाला, मला शेजारच्या गावापेक्षा उंच होळी हवी होती. आमच्यासोबत तोडायला येणाऱ्या पोरांतल्या मधूनं विचारलं, दादा, ही कोनाची हाय? मला ठाऊक होतं. मी म्हटलं, बेवारशी हाय, सडलीय, घाल.

वयनी नैवेद्य घेऊन आली तेव्हा होडीचं पुढचं टोक जाळात अजून उभं होतं. आमच्यात होळीत गेलेलं मागं मागत नाहीत, त्यावरून भांडतही नाहीत. तिनं पोळी जाळात टाकली आणि मला विचारलं, भावजी, कोनी दिली? मी म्हटलं, पोरांनी, त्यांना काय ठाऊक. ती म्हणाली, जाऊंद्या, देवाला गेली.

मग ती कॉलनीत भांडी घासायला जाऊ लागली, कंबर वाकेपर्यंत गेली. बाभूळ पुन्हा माजली, आम्ही तोडायचं सोडलं. तिच्या दारात मी कितीदा गेलो, ती चहा टाकायची, आणि मी इकडचं तिकडचं बोलून उठायचो. गेल्या वर्षी वारली. खांदा द्यायला मी पुढं होतो, तेव्हाही ओठावर आलेलं गिळलं.

वयनी, पोरांनी नाय, मी दिली. माफ कर मला.