गुरांचा जुना दवाखाना

तुम्हाला म्हणून सांगतो, आम्हा इंजिनिअरांना इमारत तपासायला बोलावतात, तेव्हा ती पाडायचं बहुतेक ठरलेलंच असतं. होटगीच्या पुढं एका गावात तसंच झालं. बंद पडलेला गुरांचा दगडी दवाखाना पाडून तिथं पत्र्याचा हॉल बांधायचा होता. सरपंच म्हणाले, "सायेब, धोकादायक हाय, एवढंच लिवा."

मे महिन्याची दुपार. आत गेलो, तर तीन म्हाताऱ्या शेंगा फोडत बसलेल्या.

मी म्हटलं, "मावशी, छत पडलं म्हणजे?"

त्यातली एक म्हणाली, "घरात पत्रा लई तापतो, जीव घाबरा हुतो. हितं गार हाय. हे पाडल्यावर आमी कुटं बसायचं?"

मी भिंती ठोकून पाहिल्या. भक्कम होत्या. दोन तुळया तेवढ्या कुजलेल्या. बाहेर येऊन मी 'दुरुस्ती करावी' असं लिहिलं. सरपंचांचा चेहरा उतरला.

"जरा आत बसा, मग बोलू," मी म्हणालो.

ते नाइलाजानं भिंतीला टेकून बसले. हळूहळू अंगावरचा घाम सुकला. मग त्यांनी घरी फोन लावला आणि बायकोला म्हणाले, "माजं जेवण हितंच धाडून दे."