दोन्ही अँटेना

आदल्या संध्याकाळी बाबांनी फोनवर विचारलं होतं, "राउटरच्या अँटेना कशा ठेवू गं? व्हिडिओत तुझा चेहरा मध्येच अडकतोय."

"उभ्या ठेवा, बाबा. किती वेळा सांगू?" असं म्हणून तिने फोन ठेवला होता. सकाळी बाबा गेले.

महिन्याभराने त्यांचा राउटर परत करायला ती इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारं जोडपं खिडकीवरच्या माणसाशी बोलत होतं.

"तुम्हीच समजवा हो यांना," आजी म्हणाल्या. "दोन्ही अँटेना खिडकीकडे आडव्या करून ठेवतात."

"लेक त्याच दिशेला राहते ना!"

"अहो, ती विमानाने जायच्या अंतरावर राहते."

"काका, सिग्नल अँटेनाच्या टोकातून जात नाही, बाजूंनी पसरतो. उभ्या ठेवा, घरभर मिळेल."

"लेकही हेच सांगते. चिडून."

"मग ठेवत का नाही?"

"ठेवल्या, तर पुढच्या वेळी विचारू काय? समजावताना तेवढीच दोन मिनिटं जास्त बोलते."

"बघा! आणि मला सांगतात, विसरलो म्हणून."

"तू गप गं. तिला सांगू नकोस हं!"

दोघं हसत बाजूला झाली.

"या ताई. कनेक्शन बंद करायचंय ना?"

तिने पिशवीतून राउटर काढून समोर ठेवला. दोन्ही अँटेना बाबांनी ठेवल्या होत्या तशाच, एकाच बाजूला आडव्या होत्या. तिने त्यांवर हात ठेवला.

"ताई?"

"विचारा ना, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "कितीही वेळा विचारा. मी सांगेन."