मोत्याचं निळं नख

हसू नका, पण आमच्या आईने अंगणवाडीत आयुष्यभर पोरांना पोलिओचे डोस पाजले, ती सवय अजून जात नाय.

आमच्या कुत्र्याच्या पिल्लाचं, मोत्याचं, महाडला हर्नियाचं ऑपरेशन होतं. आई डॉक्टरांना म्हणाली, "परवाच लस टोचलीय. आता भूल दिलीत तर लसपण झोपेल ना?"

"काकू, झोपेल ते पिल्लू. लस आपलं काम करत राहते."

भूल चढली आणि डॉक्टर ओरडले, "अरे, नख निळं पडलं!" प्राणवायू कमी पडला की हिरड्याही निळ्या पडतात म्हणे. त्यांनी घाईघाईने हिरड्या तपासल्या, तर छान गुलाबी.

आई दारातूनच म्हणाली, "शाई हाय ती. परवा मीच लावली. डोस झालेलं पोर मी बिनखुणेचं सोडत नाय."