बाबांच्या बोटीचं पुढे काय झालं

मंडळी, कामाचा दिवस असून तुम्ही आलात. काही जण तर थेट म्युनिकजवळच्या गार्चिंगहून. सुहासला, त्यांच्या मुलाला, बोलवेना, म्हणून सून उभी राहिली आहे. दोन वाक्यं नीट बोलता आली तरी पुष्कळ झालं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, मुंबईच्या गोदीत जहाजांचे बॉयलर दुरुस्त करायचे. सगळी हयात त्यातच गेली. निवृत्तीनंतर आम्ही त्यांना आणि आईंना स्टुटगार्टला आणलं. इथे ना भाषा, ना ओळखीचं माणूस. मग त्यांनी केलरमध्ये, खालच्या तळघरात, लाकडाची छोटी बोट करायला घेतली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली युद्धनौका. शिडंही होती, वाफेचं इंजिनही होतं. वारा मिळाला की धुराडं खाली घ्यायचं, बोट ढकलणारा मागचा पंखा पाण्याबाहेर ओढायचा. वारा पडला की पुन्हा कोळसा. हे सगळं ते बाथटबमध्ये बोट सोडून करून बघायचे. मी म्हणायचे, "अहो बाबा, बाथटब सोडा आता, मला आंघोळ करायचीय." तर म्हणायचे, "थांब गं, पंखा वर घेतोय."

आणि शेजारी आमची अनया, सात वर्षांची. ते मराठीत सांगायचे, ती जर्मनमध्ये विचारायची. "उंड दान?" मग पुढे काय? बोट आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेली, गुलामांनी भरलेली गलबतं अडवली. उंड दान? निम्मे खलाशी तापाने पडले. उंड दान? वादळात डोलकाठी मोडली, म्हणून बोट मुंबईला आली, आमच्याच गोदीत. वर्षभर असं चाललं. आमच्या घरात एवढं कुणी कुणाशी बोललेलं नाही.

शेवट मात्र त्यांनी तिला सांगितला नाही. मला सांगितला होता. पुढे लोखंडी बोटी आल्या. हिच्या डोलकाठ्या काढल्या, इंजिन काढलं, आणि बंदरात कोळशाचं कोठार म्हणून बांधून ठेवली. दुसऱ्या बोटी यायच्या, कोळसा घ्यायच्या, निघून जायच्या. मग एक दिवस हिला मोडून भंगारात काढली. मी म्हटलं, सांगून टाका ना तिला. म्हणाले, "मोठी झाली की सांगेन. घाई काय आहे?"

घाई होती हो, बाबा. गेल्या मंगळवारी केलरच्या जिन्यात त्यांचं हृदय बंद पडलं. संपलं.

अंत्यसंस्कार करून आम्ही घरी आलो आणि अनयाने मला विचारलं, बोटीचं पुढे काय झालं? थाप मारता आली असती. नाही मारली. सगळं सांगितलं, अगदी भंगारापर्यंत. ती म्हणाली, "उंड दान?" मी म्हटलं, मग काही नाही, बाळा.

लोक म्हणतात, काळ हेच औषध. असेल. आज माझा त्यावर विश्वास नाही. आईंना नातीचं जर्मन कळत नाही, नातीला आजीशी बोलायला विषय नाही. मधला माणूसच गेला. आम्ही चार जण जेवायला बसतो आणि आवाज फक्त ताटवाट्यांचा. आणि अनयाने त्या दिवसापासून कुणाला काहीच विचारलेलं नाही. घरात नाही, शाळेतही नाही. मी तिच्याशी खरं बोलले ते बरोबर की चूक, मला कळत नाही. सांगणारं माणूस आता नाही.

आपण सगळे उभे राहून थोडा वेळ शांत राहू या. माझी एक विनंती आहे. अनया पहिल्या रांगेत आजीजवळ आहे. मध्येच तिने काही विचारलं, तर कृपा करून तिला कुणी गप्प करू नका.