उत्तरार्धातील पियानो

सभाध्यक्ष महाराज, काशीबाई वहिनी आणि जमलेले गृहस्थहो,

मी, रामचंद्र हणमंत जगदाळे. वय वर्षे सदुसष्ट. राहणार रहिमतपूर. संस्थानी बँडमधील निवृत्त जमादार, वाद्य क्लॅरिनेट. शिक्षण मराठी चौथी, उत्तीर्ण. चारचौघांत उभे राहून मी तीस वर्षे वाजवले. बोलणे आज प्रथमच. चुकले तर आपण सांभाळून घ्यावे.

कैलासवासी बाळा तातोबा यादव पाचगणीच्या एका शाळेत शिपाई होते. तेथील पियानो पुसता पुसता ते तो सुरात लावू लागले. पेन्शनीत गावी आले, आणि दर रविवारी दुपारी माझ्या सोप्यात येऊ लागले. आमच्या बँडमास्तर साहेबांनी जाताना दिलेला फोनो माझ्यापाशी आहे, आणि जॅझच्या नऊ तबकड्या. गृहस्थहो, जॅझ हे अमेरिकेतील वादन. कागदावर लिहिलेले मध्येच संपते आणि वाजवणारा आपल्या मनाने पुढे जातो. मला आयुष्यभर लिहिलेलेच वाजवावे लागले. म्हणून मला ते हवे होते. बाळारावांनाही हवे होते.

तबकड्यांवरील इंग्रजी आम्हा दोघांस वाचता येत नव्हते. म्हणून वादकांची नावे आम्हीच ठेवली, आणि उत्तमोत्तम माणसे निवडून कागदावर एक बँड मांडला. कॉर्नेट या पितळी तुतारीवर ‘सर्दीवाला’, कारण त्याचा सूर नाकातून येई. ढोलावर ‘उंब्रजची मोटार’, कारण तो वाटेत कोठेही थांबत नसे. क्लॅरिनेटवर मी स्वतः. त्यास बाळारावांनी हरकत घेतली नाही, हे नमूद करतो.

पियानोवर मात्र भांडण. मला ‘करारी’ हवा, त्यांना ‘लाजरा’. पाच वर्षे भांडलो. ते म्हणत, “आवं जमादार, तुमचा करारी पियानो न्हाई वाजवत, दार वाजवतोय.” मी म्हणे, तुमच्या लाजऱ्यास आधी माजघरातून बाहेर बोलवा. शेवटी तोड निघाली. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात करारी, उत्तरार्धात लाजरा.

गेल्या वैशाखात शाळेस सुटी असताना त्यांनी मला पाचगणीस नेले. तबकड्या बरोबर होत्या. शाळेच्या बाईंनी त्यांवरील नावे वाचून दाखवली. करारी आणि लाजरा हा एकच मनुष्य निघाला.

मला खाली पाहावे लागले. बाळाराव हसून हसून जमिनीवर बसले. मग डोळे पुसत म्हणाले, “म्हंजे उत्तरार्धाची जागा मोकळी झाली की. मी बसू का?”

आणि ते पियानोपाशी बसले.

गृहस्थहो, मी ऐकले. तबकडीवरचे वाजवून संपले आणि ते पुढे गेले. पुष्कळ पुढे गेले. माझी क्लॅरिनेट पिशवीत होती. मी ती बाहेर काढली नाही. का काढली नाही? मला त्यांच्यामागून जाता आले नसते. हे मला ठाऊक होते. आज आपणांसही ठाऊक असावे.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “विचार करून सांगतो.”

ते म्हणाले, “सावकाश सांगा. घाई कुठं हाय?”

त्यानंतर ते सात रविवार आले. त्यांनी विचारले नाही. मी सांगितले नाही. आठव्या रविवारी मी फोनोस चावी देऊन बसलो होतो, तेव्हा निरोप आला.

अजूनही रविवारी मी चावी देतो. तो एकच मनुष्य दोन्ही बाजू वाजवतो. दार वाजवतोय, असे म्हणणारे समोर कोणी नसते. मी त्या वाक्याची वाट पाहतो. तबकडी संपते, तरी पाहतो.

हा तो कागद. आपणा सर्वांसमक्ष लिहितो. उत्तरार्ध, पियानो : बाळा तातोबा यादव. साक्षीदार : त्यांच्या पत्नी काशीबाई, सभाध्यक्ष गोविंदराव देशपांडे, आणि ज्यांनी नावे वाचली त्या, पाचगणीहून आलेल्या मिस डिसिल्वा.

पियानोची पाळी आली म्हणजे बाकीच्यांनी वाद्ये खाली ठेवायची असतात. कृपया सर्वांनी दोन मिनिटे उभे राहावे.

आता त्यांची पाळी आहे.